मांडलेला पाट

एका श्रावणात मी नेम धरला होता. लेकीचं बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून रोज कुणा एकाचं बोलणं ऐकायचं, मध्ये शब्दही न टाकता. घरच्यांना तो नेम फारच आवडला.

त्यातल्याच एका दुपारी मी माईंच्या मठात बसले होते. मठ कसला, धरणाच्या काठावरची एक खोली आणि पडवी.

"श्वास गाण्याच्या आधी येतो की नंतर?" माई विचारत होत्या.

"आधी. मी तोंड उघडणार, एवढ्यात."

समोर सांगलीचा ऋत्विज होता, मांडीवर गिटार घेऊन. हा स्वतःच गाणी लिहितो, स्वतःच गातो, घरातल्या खोलीत रेकॉर्ड करून नेटवर टाकतो. त्याला रॉक म्हणतात म्हणे, पण आरडाओरडा नाही. आपण आपल्याशी बोलतो ना, तसं. मुलं कानात घालून ऐकतात. कुणासमोर मात्र तो कधीच गायलेला नव्हता.

महिनाभर प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये दुसऱ्याच कुणाचा श्वास येत होता. त्यानं माइक बदलला, भिंतींना गाद्या लावल्या. श्वास येतच राहिला. शेवटी त्यानं गाणं थांबवलं. गाणं गेलं तर माझ्यात उरतं काय, असं तो अगदी हळू म्हणाला.

"गाद्या भिंतींना," माई म्हणाल्या. "आणि बसणाऱ्याला?"

"तिथे कुणी बसत नाही. मी स्वतःसाठी गातो. लोकांचा विचार आला की गाणं खोटं होतं."

माई उठल्या. त्याच्यासमोर एक पाट मांडला. कहाणी ऐकणाऱ्याच्या हाती देतात तशा चार अक्षता पाटापुढे ठेवल्या.

मला वाटलं, माझ्यासाठीच. मी बसायला पुढे झाले.

"तिथे नको, बाई... तिथे जागा नाही."

मी होते तिथेच बसले. बाहेर पाण्यावर ऊन होतं.

ऋत्विजनं तार छेडली. तोंड उघडणार, एवढ्यात...

मी तो ऐकला. लांबून चालत आलेलं माणूस गुडघ्यावर हात टेकून खाली बसतं, तसा श्वास. पाट किंचित करकरला.

"कोण आहे?" ऋत्विजचा आवाज फाटला.

"त्यांनी कधी विचारलं, गातंय कोण?"

"माई, घालवा त्यांना."

माईंनी अक्षता गोळा केल्या. पाट उचलून भिंतीला उभा केला.

"घालवलं. गा आता."

त्यानं तार छेडली. बोट हललं, तार हलली, आवाज आला नाही. त्याचे ओठ हलत होते आणि मला दोन हातांवरून काही ऐकू येत नव्हतं. त्यालाही येत नसावं. तो हळूहळू घाबरत गेला, लहान मूल गर्दीत घाबरतं तसा...

बऱ्याच वेळानं तो उठला. भिंतीचा पाट आणला. शर्टाच्या बाहीनं पुसला. पूर्वीच्याच जागी मांडला, आणि माईंपुढे हात पसरला. माईंनी अक्षता दिल्या.

"सुरू करू?"

"थांब जरा... त्यांना नीट बसू दे."

तो थांबला. श्वास आला. मग तो गायला, पहिल्यांदाच समोर बघून, आणि गाणं शेवटपर्यंत गेलं.

माझा नातू आता चार वर्षांचा आहे. नेम मी सोडलेला नाही, फक्त एक पाट वाढवलाय. तुम्हीही रोज एक मांडा. घरातलं कुणी बोलायला लागलं की मांडा, स्वतःशी गुणगुणताना मांडा. आवरायची मात्र घाई करू नका. त्या दिवशी ऋत्विज गेल्यावर मी सवयीनं पाट उचलायला वाकले, तर माईंनी माझा हात धरला.

"राहू दे गं. अजून उठले नाहीत ते."