बरोबरचं चिन्ह

विस्तार अधिकारी घोरपडे साहेब शाळेत पाऊल टाकलं की शिपायापासून हेडमास्तरांपर्यंत सगळ्यांना अरेतुरे करत. सहावीच्या वर्गात पारखे बाई संगणकातल्या स्प्रेडशीटवर गणित शिकवताना दिसल्या, तसे ते कडाडले, "बंद कर हे खूळ. उद्याच संगणक तालुक्याला जमा होईल."

बाई पुढे झाल्या. "एकदा तपासून तर बघा, साहेब."

साहेबांनी उभ्याउभ्याच एका चौकटीत बारा गुणिले बारा टाइप केलं. ते तसंच्या तसं राहिलं, उत्तर काही येईना. "बघ, साधा पाढा येत नाही याला. ए पोरी, बिघडलंय का हे?"

पहिल्या बाकावरची रेवती उठली. "नाही साहेब. त्याला आधी बरोबरचं चिन्ह द्यावं लागतं. समोरच्याला बरोबरीचं मानलं नाही, तर तो उत्तर देत नाही."

ते चिन्ह बाईंनीच शिकवलं होतं. त्याचा हा अर्थ मात्र त्यांनाही आजच कळला.

साहेबांनी खुर्ची ओढली, बसले आणि चिन्ह टाकलं. क्षणात एकशे चव्वेचाळीस उमटले. मग साहेब रेवतीकडे वळून हळूच म्हणाले, "ताई, नाव काय तुमचं?"