दांडीच्या टोकावरचा मापक

माणसं आकाशात यानं धाडायला नुकती शिकली होती, तेव्हाची गोष्ट. एका यानाला दूरच्या ग्रहाचं अगदी क्षीण चुंबकत्व मोजायचं होतं. म्हणून आत चुंबक न होणारे पितळी स्क्रूच लावायचे, असा नियम होता. तरी इंधनाच्या टाकीच्या वशिल्याने एक पोलादी स्क्रू आत शिरला.

"हा चुंबक झालाय. याला काढा," चुंबकमापक म्हणाला.

"एवढ्याशा स्क्रूचं काय घेऊन बसलास? तुझी रोजचीच कटकट," टाकी फणकारली. यानातल्या सगळ्या भागांनी मिळून स्क्रूऐवजी मापकालाच बाहेर, स्क्रूपासून दूर लांब दांडीच्या टोकाला बसवलं.

बऱ्याच वर्षांनंतर यान ग्रहापाशी पोचलं. "काय सापडलं रे?" सगळ्यांनी विचारलं.

"तुमचा स्क्रू," मापक म्हणाला. "त्याच्यापुढे ग्रहाचं काहीच जाणवत नाही."



"मी तेव्हाच म्हणत होते," टाकी म्हणाली, "दांडी आणखी लांब हवी."

ते सगळ्यांना पटलं.