धाकलूने मार्सेयला खोली बघितली

त्या दिवशी मार्सेय बंदरात असा वारा सुटला होता, की दोरीवरचे कपडे उडून दुसऱ्यांच्या घरात जाऊन पडत होते. कपड्यांनासुद्धा घरं मिळत होती. धाकलूला मिळत नव्हतं.

कोकणातल्या एका गावात एक भोळा खलाशी होता, तो हा धाकलू. बोटी रंगवायच्या कामाला म्हणून या परक्या मुलखात आला. भाषा कामापुरती शिकला. झोपायचा मावसभाऊ जानूदादाच्या बोटीवर, दोरखंडांच्या ढिगावर. त्याचं त्याला काही नव्हतं. पण रविवारच्या बोटीने त्याची बायको येसू येणार होती. तिने निरोप धाडला होता, "डोक्यावर छप्पर नसलं, तर मी त्याच बोटीने माघारी."

जानूदादा म्हणाला, "धाकल्या, घर बघायला जायचं ते मुलगी बघायला गेल्यासारखं जायचं. धुतलेला सदरा, गंभीर चेहरा, आणि सगळी चौकशी."

"बरं," धाकलू म्हणाला.

रोझाबाई नावाच्या विधवा बाईकडे खोली होती. धाकलू तिच्यासमोर खुर्चीच्या कडेवर बसला. गुडघ्यांवर हात ठेवले.

"नाव काय?"

रोझाबाईने सांगितलं.

"स्वयंपाक येतो?"

"येतो की."

"जरा चालून दाखवा."

रोझाबाई बिचारी कित्येक वर्षं एकटी. ती चालली. लाजली. आत जाऊन कॉफी घेऊन आली. धाकलूने कॉफी संपवली, मिशी पुसली आणि म्हणाला, "उंची बरी आहे. वय अंमळ जास्त वाटतं. घरी विचारून कळवतो."

कॉफीचं भांडं त्याच्या मागोमाग जिना उतरलं.

"अरे, आणि खोली?" जानूदादाने विचारलं.

"ती बघायची राहिलीच."

"गाढवा! मालकासमोर उणं काढायचं नसतं. जे दिसेल त्याचं कौतुक करायचं. म्हणायचं, वा, असंच कायम राहो!"

"बरं," धाकलू म्हणाला.

दुसरी खोली आंत्वानशेठची. शेठ बिछान्यात पडलेला. पाय मोडलेला, प्लास्टरात घालून उशीवर ठेवलेला. धाकलू दारातूनच म्हणाला, "वा शेठ, काय पाय आहे! एवढा पांढरा, एवढा जाड. असाच कायम राहो!"

शेठ ओरडला.

"आवाजही छान. तोही असाच राहो!"

शेठने कुबडी फेकली. ती बरोबर पाठीत बसली. धाकलूने पळता पळता तिचंही कौतुक केलं.

जानूदादाने कपाळाला हात लावला. "बाबा रे, तू तोंडच उघडू नकोस. कुणी काही विचारलं तर नुसतं हो म्हण. हो, बस्स."

"हो," धाकलू म्हणाला.

आणि बघा, जमलं! मारीबाईने विचारलं, "दोघंच राहणार?" हो. "शांतपणे?" हो. "जिना झाडाल?" हो. इतका शहाणा भाडेकरू मारीबाईने बघितलाच नव्हता. तिने किल्लीच हातात ठेवली. खोली लहान, पण खिडकीतून समुद्र दिसायचा.

रविवारी धाकलू खोलीला कुलूप लावून धक्क्यावर निघाला. जिन्यात एक माणूस भेटला. मागे त्याची बायको, चार पोरं आणि एक पोपट.

"वरची खोली रिकामी आहे का हो?"

"हो."

"आम्ही राहिलो तर चालेल?"

"हो."

"किल्ली तुमच्याकडेच आहे?"

"हो," धाकलू म्हणाला आणि दिली.

येसू आली. पत्र्याची पेटी उचलून ती चार जिने चढली. वर बघते तर दार उघडं, आत पोरं उड्या मारताहेत.

"ही आपली खोली?"

"हो."

"किल्ली तुम्हीच दिलीत यांना?"

"हो."

येसूने पेटी जिन्यातच टेकवली आणि तिच्यावरच बसली. बोटीवर उलट्या करून करून तिच्यात भांडायचंही त्राण नव्हतं.

"नीट ऐका. तुमच्या त्या हो-हो करण्यानं घर गेलं. आता कुणी काही विचारलं तर नाही म्हणायचं. म्हणाल ना?"

"नाही," धाकलू म्हणाला.

तेवढ्यात समोरचं दार उघडलं. लुईझाआजी डाव हातात घेऊनच बाहेर आली. तिची लेक लग्न होऊन नुकतीच गेली होती. लेकीची खोली, पलंग, सगळं रिकामं पडलं होतं. म्हातारीला घर खायला उठायचं. तिने येसूचा उतरलेला चेहरा बघितला, मग धाकलूकडे वळली.

"खोली हवी आहे का रे तुला?"

"नाही."

"ही पेटी तुझी?"

"नाही."

"ही पोर तुझी बायको आहे?"

धाकलूने येसूकडे बघितलं. येसूला तिकडची भाषा कळत नव्हती, पण नवरा सांगितल्याप्रमाणे नाही म्हणतोय एवढं मानेवरून दिसत होतं. तिने हलकेच मान डोलावली. शाब्बास.

"नाही," धाकलू छाती काढून म्हणाला.

आजीने येसूचा हात धरला, पेटी आत ओढली. येसू आत गेली. धाकलूही वाकून चपला काढायला लागला, तशी आजीने दारात डाव आडवा धरला.

"तू ये गं पोरी, गरम रस्सा आहे. आणि तू रे! आत्ताच म्हणालास ना ही तुझी कुणी नाही? मग परक्या बाईच्या मागे कुठे घुसतोस, चल, उतर खाली!"