भिवरानं मागितलेलं दार

तांबखडीतल्या कुठल्याच जुन्या गोठ्याचं मागचं दार पुढच्या दारासमोर येत नाही. कुठं ते कोपऱ्यात, कुठं गव्हाणीला खेटून, कुठं पार बाजूच्या भिंतीत. मी एकोणीस गोठे टेपनं मोजून कागदावर उतरवले. कुठल्याच दोन गोठ्यांची दारं काही जुळली नाहीत. यामागची गोष्ट देवळापुढं बसणारे आबा पाहुण्यांना डोळे मिटून सांगतात, आणि निम्मी गाळून सांगतात. मी सगळी सांगतो.

फार पूर्वी म्हणे इथं रखमाजी पाटलाचा बावीस गुरांचा गोठा होता. दगडी भिंती, वर गवताचं छप्पर, दार एकच. आत शेण काढायला भिवरा. गुरं बिथरली की त्या एका दारातच कोंडतात, हे तिनं दोन वर्षं पाटलाच्या कानी घातलं.

"मागं दार ठेवलं तर लक्ष्मी निघून जाईल," पाटील म्हणाला.

"लक्ष्मी जाईल तवा जाईल, मालक. म्हशी दारात अडकल्या तर म्या कुठनं जाऊ?"

पारावरची म्हातारी मंडळी हसली. "शेणातल्या बाईला आता परसदार पायजे!" हे हसणं आबांच्या गोष्टीत कधीच नसतं.

त्याच फाल्गुनात, भर दुपारी, पाटलाची माणसं भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा पेटवून जमीन भाजत होती. ठिणगी उडाली ती थेट गोठ्याच्या छपरावर. आत भिवरानं एकेक दावं सोडलं. पहिली चार जनावरं बाहेर पडली, पुढच्या म्हशी दारात अडकल्या.

आबा सांगतात, तेव्हा मागची भिंत आपोआप दुभंगली, गुरं वाचली आणि भिवरा देवी झाली. आपोआप? ती भिंत अजून उभी आहे. भगदाडाच्या कडेच्या दगडांवर बाहेरून घातलेल्या पहारीचे घाव मी बोटांनी चाचपलेत. ती पहार येसू गवंड्याची. गवंड्यांच्या घरी असं सांगतात, की त्यानं ती उचलली तेव्हा पाटलानं त्याचा हात धरला. "नवी भिंत हाय, पाडू नगंस." आणि सगळी जाणती मंडळी नुसती बघत राहिली. येसूनं हात हिसकला, भिंत फोडली, पण उशीर झाला होता. उरलेली अठरा जनावरं निघाली. भिवरा निघाली नाही.

मग ह्याच लोकांनी तिथं शेंदूर फासला. बाईची देवी केली, की तिला दार का दिलं नाही हे विचारायची सोय राहत नाही.

येसूनं मात्र शपथ घेतली म्हणे: शेण काढणारी बाई बोट दाखवील तिथं आधी चौकट उभी करायची, भिंत त्यानंतर.

आजही त्याच्या वंशातला हणमा गवंडी पाया आखून झाला की मालकाकडं बघत नाही. "मावशी, दार कुठं?" एवढंच विचारतो. गेल्या साली सरपंचाच्या गोठ्यावर शेण काढणाऱ्या कलाबाईनं बोट दाखवलं, तर सरपंच म्हणाला, "तिथं माझी गाडी लागते." आबांनीही मान हलवली. "मोठ्यांचं ऐकावं, बाई."

हणमानं थापी खाली ठेवली आणि पायाच्या दगडावर बसून विडी पेटवली. दुसऱ्या दिवशीही तो आला, तिथंच बसला.

तिसऱ्या दिवशी सरपंचानं गाडी हलवली.