पट्टीखालची तारीख

"पण चाचा, आता यात खोट कुठे राहिली?"

हेमंतने हे तिसऱ्यांदा विचारलं. टेबलावर पोस्टर पसरलं होतं. कासमचाचांनी भिंग डोळ्याला लावलं नव्हतं, की कागदाला बोट.

चाचा मिरजेत जुन्या मैफलींच्या पोस्टरांची पारख करत. पोस्टर पाहायचं, उलटायचं, मागे पेन्सिलीने दर्जा लिहायचा. पहिला ते पाचवा. भले भले संग्राहक त्या आकड्यापुढे मान तुकवत. हेमंत सात वर्षं त्यांच्या हाताखाली होता. त्यातली सहा, आपल्याला सगळं येतं या समजुतीत सुखाने गेली होती. आज पेन्सिल त्याच्या हाती यायची होती. परीक्षेसाठी चाचांनी आठवड्यापूर्वी आपल्या पेटीतलं हे पोस्टर त्याला दिलं होतं.

"काय पाहिलंस ते सांग."

"कडा शाबूत. घडी एकच. रंग टिकलाय. तारखेवर मात्र कुणीतरी कागदाची पट्टी डकवली होती. हाताने लिहिलेली, वेडीवाकडी. तिच्यापायी दर्जा तिसरा."

"होती?"

"वाफेवर धरून सोडवली. खळीचा डागही ठेवला नाही." हेमंतचा स्वर सत्काराला उत्तर देणाऱ्याचा झाला. "खालची छपाई कोरी करकरीत निघाली. आता पहिला दर्जा."

"साबण लावून आंघोळ घातली नाहीस, उपकार झाले... पट्टी कुठंय?"

"केरात."

चाचा उठले. पुन्हा बसले.

"ऐन वेळी गाणाऱ्या बुवांचा घसा बसला. मैफल आठ दिवस पुढे गेली. खळीची बादली घेऊन मी गावभर हिंडलो. चाळीस पोस्टरं, चाळीस पट्ट्या. ते वेडंवाकडं अक्षर माझं."

हेमंतचे कान तापले. चूक कळली म्हणून नव्हे. आधी सांगितलं नाही म्हणून.

"मला कसं कळणार? तुम्ही शिकवलंत ते डाग, घड्या, टाचण्यांची भोकं. कुणाचं अक्षर, हे भिंगातून दिसत नाही."

"तारीख दिसते?"

"आता दिसते."

"वाच. मोठ्याने."

"शनिवार, चौदा नोव्हेंबर. सायंकाळी सहा."

"त्या दिवशी गाणं झालं?"

"...नाही."

"मग कशाचा पहिला दर्जा, हेमंतराव?"

हेमंतने पोस्टर त्यांच्याकडे ढकललं. "सात वर्षं काढली मी इथे. लिहा पाचवा आणि मोकळं करा मला. नाहीतर द्या ती पेन्सिल."

चाचांनी कानामागची पेन्सिल काढली. हेमंतने हात पुढे केला.

चाचांनी पोस्टराची नीट गुंडाळी केली आणि त्या हातावर ठेवली. पेन्सिल परत कानामागे गेली.

"जा. या तारखेचं गाणं ऐकून ये. मग पेन्सिल ने."