हौसाच्या फोनला विडा

सलग तिसऱ्या दिवशी उदाजीराजांच्या ताटात करपलेली भाकरी आली.

"ही भाकरी आहे की तवा?" राजे म्हणाले. "कोणी केली?"

मुदपाकखान्यातून हौसाला दरबारात बोलावलं. पिठाचे हात पदराला पुसत ती उभी राहिली.

"महाराज, भाकरी तव्यावर टाकली की मी बाळाकडे पळते. तेवढ्यात करपते."

"मग पळू नकोस."

सांगायला सोपं होतं. हौसाचं सहा महिन्यांचं बाळ चौकापलीकडच्या खोलीत पाळण्यात असायचं. राणीसाहेबांनी पाळण्यावर कॅमेरा बसवून दिला होता, त्याचं चित्र हौसाच्या फोनवर दिसे. चित्रात बाळ शांत झोपलेलं. तासभर शांत. तीच कूस, तीच मूठ तोंडाशी. आता आई झालेल्या बाईला इतकं शांत मूल फार वेळ बघवत नाही. श्वास चालू आहे ना, एवढं तरी पाहून यावंच लागतं. हौसा धावत जाई, तर बाळ रडून लालबुंद! चित्र केव्हाच अडकलेलं असायचं.

"नेट चालत नाही, महाराज," ती म्हणाली.

साऱ्या दरबाराने राजांकडे पाहिलं. राजवाड्यातलं मेश वाय-फाय ही राजांची अभिमानाची गोष्ट. एकमेकींना जोडलेल्या सात डब्या. माणूस जिथे जाईल तिथली जवळची डबी त्याच्या फोनला धरणार, असं विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं होतं.

"तुझ्या चुलीवर एक डबी टांगली आहे, ती दिसत नाही?" राजे म्हणाले.

"बाई मुळातच घाबरट आहे, महाराज," दिवाणजी पुटपुटले.

"आहे ना," हौसा म्हणाली. "पण फोन तर घाबरट नाही."

राजांनी मिशीवर हात फिरवला. "ठीक. उद्या दुपारी मला न करपलेली भाकरी हवी. चुलीपासून तू हलायचं नाहीस. नवी डबी मिळणार नाही, आहे ती हलवायची नाही, भिंतीला भोक पाडायचं नाही. जमलं नाही तर परवापासून घरी बस."

परत जाताना हौसाने दिवाणजींना गाठलं. "कुठल्या डबीला किती फोन लागलेत, ते तुम्हाला दिसतं ना हो?"

"दिसतं की. दरबारच्या डबीला त्रेसष्ट. मुदपाकखान्याच्या डबीला…" दिवाणजींनी चष्मा वर सरकवला. "एकही नाही."

"आणि माझा फोन?"

"दरबारच्या डबीला. सकाळी मुजऱ्याला आली होतीस, तेव्हापासून."

"मी परत गेले, तो नाही गेला होय? आणि त्याच डबीचा सिग्नल एवढा जोरात का?"

"महाराजांचा हुकूम. दरबाराहून मोठा आवाज कुणाचा नको."

हौसा हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

या दरबारची रीत अशी: मुदपाकखान्यातून विड्यांचं तबक यायचं, राजे एकेकाला विडा द्यायचे आणि मगच माणसं उठायची. दुसऱ्या दिवशी दुपार झाली तरी तबक आलं नाही. निरोप मात्र आला, जेवणाची पानं वाढली आहेत. राजांना भूक लागली होती. ते उठले आणि थेट मुदपाकखान्याला लागून असलेल्या भोजनगृहात जाऊन बसले.

चाळीस पाट रिकामेच!

राजांनी हाक मारली. कुणी नाही. शेवटी दिवाणजींना फोन लावला. "कुठे आहात सगळे?"

"दरबारात, महाराज. आपली हाक ऐकू आली. पण विडा नाही मिळाला."

"इथे जेवण वाफाळतंय आणि तुम्ही तिथे उपाशी बसलात?"

चुलीजवळून हौसा म्हणाली, "तबक मीच पाठवलं नाही, महाराज. माझा फोन कसा वागतो, ते दाखवायचं होतं. डोक्यावर डबी आहे, पण तोही दरबारातच बसलाय. त्याला कोणी विडाच दिला नाही."

राजांच्या भुवया वर गेल्या. "मग उपाय?"

"दरबारच्या डबीचा जोर कमी करा. तिचा पुसट आवाज इथवर येतो, म्हणून फोन तिला सोडत नाही."

"दरबाराने हळू बोलायचं? मुदपाकखान्यासाठी?"

"राजकुमार तान्हे होते तेव्हा पाळण्याजवळ आपण कसं बोलत होता, महाराज?"

राजांनी आवाज खाली आणला. मग फोनवर म्हणाले, "दिवाणजी, ऐकलंत ना? कमी करा."

"पण महाराज, आपला मान…"

"आधी भाकरी, मग मान."

जोर कमी झाला. हौसाने फोनचं वाय-फाय एकदा बंद करून चालू केलं. "हा घे तुझा विडा," ती फोनला म्हणाली.

चित्र हललं. बाळ जागं होतं. पायाचा अंगठा तोंडात घालून थेट कॅमेऱ्याकडे बघत होतं.

"बघू," म्हणत राजांनी फोन मागून घेतला. हौसाने भाकरी उलटली, निखाऱ्यावर धरली. टम्म फुगली! ती तिने राजांच्या ताटात ठेवली.

"निवेल, महाराज."

"थांब गं. पालथा पडतोय तो."

पडला. राजे खदखदून हसले आणि मग कुठे भाकरी मोडली. एक डाग नव्हता.

"जागेवरून न हलता जिंकलीस. माग काय हवं ते."

"रोज शेवटचं पान उठेपर्यंत मी इथेच असते, महाराज. बाळ पेंगुळतं, मग घरी जातो आम्ही. फोनला मिळाला तसा मलाही विडा मिळू दे. दिवेलागणीला."

राजांना पुन्हा हसू फुटलं. त्यांनी चुलीजवळ राहिलेल्या तबकातला पहिला विडा उचलून हौसाच्या हातावर ठेवला. "आजपासून, रोज. पहिला तुझाच."

एवढ्यात राजांच्या फोनमधून दिवाणजींचा बारीक आवाज आला. "महाराज, आम्ही चाळीस जण अजून बसलोच आहोत."