पाटाखालची खापरी

फार फार वर्षांपूर्वी, गावांना वेशी होत्या पण वेशींना दारं नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. एका टेकडीच्या पायथ्याशी एक लहानसं गाव होतं आणि त्या गावात एक वैद्यबुवा राहत होते.

वैद्यबुवा हाताचे गुणी, पण जिभेचे फटकळ. नाडी पाहिली की जे असेल ते तोंडावर सांगून मोकळे होत. गावचा पाटील पोट धरून आला, तर हा रोग नसून कालच्या श्रीखंडाची चौथी वाटी आहे, असं त्यांनी चारचौघांत सांगितलं. एका सासूबाईंना दर सणाला ताप भरायचा. तो ताप सूनबाई माहेरी निघाली की चढतो आणि तिनं गाठोडं सोडलं की उतरतो, हेही त्यांनी सासूबाईंच्या देखतच सांगून टाकलं. लोक चिडायचे, पण औषधाला त्यांच्याकडेच जायचे. हा माणूस खोटी भीती घालत नाही आणि खोटा धीरही देत नाही, हे गावाला ठाऊक होतं.

अशा या वैद्यांना एक छंद होता. आपल्या हातानं काहीतरी करावं, घडवावं, आणि ते घरात वापरलं जाताना पाहावं.

आधी त्यांनी टोपली विणली. तिच्यातून कोहळ्याखेरीज सगळं खाली पडायचं, म्हणून बायकोनं तिच्यात कोहळा ठेवला. मग त्यांनी मडकं घडवलं. ते भाजताना असं काही कलंडलं की त्यात ओतलेलं पाणी आपणहून बाहेर यायचं. बायकोनं त्यात तुळस लावली. शेवटी वैद्य लाकडाकडे वळले, आणि लाकडाशी त्यांचं जमलं. म्हणजे तसं त्यांना वाटलं.

दुपारी रोगी नसले की ते अंगणात रंधा घेऊन बसत. फणसाच्या लाकडाचे पिवळे छिलके पायाशी पडत, मिशीवर भुसा बसे. अंगठ्यावर हातोडी बसली की स्वतःच हळद लावत आणि स्वतःलाच रागावत. सकाळभर दुखणीखुपणी ऐकून आंबलेला त्यांचा चेहरा तिथं बसल्यावर उजळून निघे. खरं सांगू का, छंदात रमलेल्या माणसाकडे पाहत बसण्याइतकं सुख दुसरं नाही. फक्त त्यानं केलेल्या वस्तूवर बसायची वेळ आपल्यावर येऊ नये.

ते पाट करत. जेवायला बसायचे, चार बुटक्या पायांचे पाट.

पहिला पाट झाला, तेव्हा तो त्यांनी मोठ्या हौसेनं स्वयंपाकघरात मांडला आणि हात धुवायला गेले. बायको सहज त्यावर बसली, तर पाट डुगडुगला. एक पाय तोकडा होता. तिनं दाराकडे पाहिलं. नवरा ओले हात पुसत येत होता, आणि त्याचा चेहरा पहिलं पाऊल टाकणाऱ्या पोराच्या बापासारखा फुललेला होता. तिनं चुलीजवळची एक खापरी, म्हणजे फुटक्या मडक्याचा चपटा तुकडा, पटकन उचलली आणि त्या पायाखाली सरकवली.

वैद्य पाटावर बसले. पाट जागचा हलला नाही.

"बघ," ते म्हणाले, "कसा बसलाय."

"छान बसलाय," बायको म्हणाली. त्या दिवशी वैद्य दोन पोळ्या जास्त जेवले.

त्या खापरीनं वैद्यांचं मन राखलं खरं, पण त्यांचा हात तिथंच थांबला. आपला पाट डुगडुगतो हे त्यांना कधी कळलंच नाही, मग दुसरा पाट तरी सरळ कसा होणार? दुसराही डुगडुगला, तिसराही. वैद्य ते पाट मायेनं वाटत सुटले. कुणाचं बारसं असो, कुणाची वास्तुशांत असो, वैद्यांचा पाट ठरलेला. मागून बायको हळदीकुंकवाच्या निमित्तानं त्या घरी जाई आणि गृहिणीच्या हातात एक खापरी ठेवून येई. वैद्य कुणाकडे जेवायला निघाले की त्यांची लेक पुढे धावत जाऊन वर्दी देई. वैद्य उंबरठ्यावर पोहोचेपर्यंत पाट मांडलेला असे आणि खापरी जागेवर. गावचा सुतारसुद्धा त्यांच्यासाठी स्वतःचे पाट उचलून ठेवायचा आणि वैद्यांचा मांडायचा.

जगात लोक आपलं ठेवतात झाकून आणि दुसऱ्याचं पाहतात वाकून. या गावानं वैद्यांचं वाकून झाकून ठेवलं. आणि त्यात कुणाला काही वावगंही वाटलं नाही, कारण ज्याच्या घरात वैद्यांच्या काढ्यानं कुणी उठून बसलं नव्हतं, असं घर त्या गावात नव्हतं.

अशी वर्षं गेली आणि वैद्यांच्या लेकीचं लग्न ठरलं. मुलगा नदीपलीकडच्या गावचा होता. सुपारी फुटली त्याच संध्याकाळी वैद्यांनी सांगून टाकलं की अंतरपाटाच्या दोन बाजूंना नवरानवरी ज्या पाटांवर उभी राहतील, ते दोन्ही पाट ते स्वतः करणार. लेक जन्मली तेव्हापासून त्यांच्या मनात ही एकच इच्छा होती. त्यासाठी फणसाची एक फळी त्यांनी माळ्यावर जपून ठेवली होती.

गावाला घोर लागला. भर मंडपात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पाट मांडले जाणार. तिथं खापरी कोण सरकवणार? मंगलाष्टकं चालू असताना नवरीचा तोल गेला, तर व्याह्यांकडचे काय म्हणतील? आणि सगळ्यात वाईट म्हणजे, वैद्यांना ते तिथं, त्या घडीला कळेल.

पारावर माणसं जमली. आधी सांगून टाकावं हे सगळ्यांना पटलं, पण मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार? पाटील म्हणाला, त्याच्या श्रीखंडाची गोष्ट अजून ताजी आहे. शिक्षक म्हणाले, त्यांच्या आईचं औषध चालू आहे. ज्याला त्याला काहीतरी अडचण निघाली. शेवटी सुतारानं आपल्याकडे घेतलं. तो हुबेहूब तसेच दोन पाट करील, वैद्यांनी कोरलेलं वाकडं कमळही तसंच वाकडं कोरील, फक्त पाय सरळ लावील, आणि गुपचूप बदलून ठेवील. वैद्यांच्या बायकोनंही होकाराची मान हलवली. लेकीला मात्र कुणी विचारलंच नाही.

पाट बदलले गेले. लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी वैद्य पाटांना तेल लावायला बसले. वरून हात फिरवला, कमळावरून बोट फिरवलं, आणि पाट उलटा केला. कोरताना पटाशी निसटून त्यांचा अंगठा कापला होता, आणि रक्ताचा एक डाग पाटाच्या खालच्या अंगाला मुरला होता. तो डाग तिथं नव्हता. दुसऱ्या पाटाखालीही नव्हता.

ते उठले आणि थेट सुताराकडे गेले. सुतारानं या बसा म्हटलं. वैद्यांनी न बसता त्याचं मनगट धरलं आणि नाडीवर बोटं ठेवली.

"सुतारभाऊ, माझ्या घरातले पाट कुणाचे?"

"तुमचेच की," सुतार म्हणाला. आणि त्याची नाडी उधळलेल्या खोंडासारखी धावत सुटली.

वैद्यांपुढे जीभ खोटं बोलू शकते, नाडी कशी बोलणार? सुतारानं खाली मान घातली आणि सगळं सांगितलं. अगदी पहिल्या खापरीपासून.

वैद्य बाहेर पडले. शेजारचं घर म्हाताऱ्या सुईणीचं होतं. वैद्यांच्या लेकीला जगात पहिल्यांदा तिनंच हातात घेतलं होतं. वर्दी न देता ते आत शिरले. भिंतीला त्यांचा पाट टेकवलेला होता आणि वरच्या कोनाड्यात, देवाच्या घंटेशेजारी, एक खापरी नीट ठेवलेली होती. वर्षानुवर्षं हाताळून ती गुळगुळीत झाली होती. वैद्यांनी पाट मांडला, खापरीविना मांडला, आणि त्यावर बसले. पाट डुगडुगला. ते पुढे झुकले, तो पुढे झुकला. मागे झाले, तो मागे झाला.

त्यांचे डोळे भरून आले. "मी या गावाचं एकही दुखणं गावापासून लपवलं नाही," ते म्हणाले. "तुम्ही सगळ्यांनी मिळून माझं लपवलंत."

"दुखणं असतं तर सांगितलं असतं, वैद्यबुवा," सुईण म्हणाली. "ते तुमचं सुख होतं. त्याला हात कसा लावायचा?"

 वैद्यांना राग आला होता, लाज वाटत होती, आणि त्या गुळगुळीत खापरीकडे पाहून मायाही दाटून येत होती. हे तिन्ही एकाच वेळी होतं तेव्हा कुठला काढा द्यावा, हे त्यांच्या पोथ्यांत लिहिलेलं नव्हतं.

ते घरी आले. रंधा, पटाशी, हातोडी, सगळं एका पोत्यात भरलं आणि पोतं माळ्यावर टाकायला निघाले.  लग्न सुताराच्या पाटांवर लागू दे, एवढंच ते म्हणाले.

तेवढ्यात, झाला प्रकार कळून, लेक आली. सुतारानं लपवलेले बापाचे दोन्ही पाट तिनं त्याच्या घरून मागून आणले होते. हळदीनं माखलेल्या अंगानं तिनं त्यातला एक अंगणात मांडला आणि त्यावर उभी राहिली. पाट डुगडुगला. तिनं बापाचा खांदा धरला.

"बाबा, मी लहानपणापासून तुमच्या पुढे धावत गेले, खापऱ्या सरकवत. आता मी उद्या जाणार. पुढे कोण धावेल?" ती म्हणाली. "याला काय झालंय ते तुम्ही बघा. तुम्ही वैद्य आहात ना?"

 वैद्य हळूच गुडघे टेकून बसले, गाल जमिनीला लावला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी आपला पाट, कुणी वर उभं असताना, खालून पाहिला.

"हा पाय तोकडा आहे," ते म्हणाले.

पोतं खांद्यावर, दोन्ही पाट काखेत, असे ते पुन्हा सुताराच्या दारात गेले आणि म्हणाले, शिकव. सुताराच्या मनावरचं ओझं उतरलं. वैद्य आजवर आपले पाट अंगणात मांडून पाहत होते, आणि तिथं ते हलले तर अंगणाच्या उंचसखल जमिनीला दोष देत होते. सुतारानं त्यांना आपल्या दारातला सपाट कातळ दाखवला. "जमीन पाटाची बाजू घेते, वैद्यबुवा. कातळ घेत नाही," तो म्हणाला. मग दोघं बसले. एक पाय घासला, तर दुसरा उंच वाटला. दुसरा घासला, तर तिसऱ्यानं मान वर काढली. संध्याकाळपर्यंत पाट बराच बुटका झाला, पण कातळावर ठेवला तो ठाम बसला. वैद्य लहान मुलासारखे त्यावर पुन्हा पुन्हा बसून पाहत होते. दुसरा पाट मात्र दिवस मावळताना घाईत उरकला.

दुसऱ्या दिवशी मांडवात दोन्ही पाट समोरासमोर मांडले गेले. ठाम पाट लेकीच्या बाजूला होता. बापच तो, दुसरं काय करणार? मामानं नवरीला आणून उभं केलं. पाट हलला नाही. गावानं सुटकेचा निःश्वास सोडला.

मग नवरदेव आपल्या पाटावर चढला. त्यानं एक पाय टेकला, दुसरा टेकला, आणि खाली पाहिलं. बिचारा परगावचा. त्याला या गावाची रीत कुठून ठाऊक?

"हा पाट हलतोय," तो सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "कुणी केलाय?"

 भटजींच्या हातातल्या अक्षता हातातच राहिल्या. पाटलानं वर आकाशाकडे पाहिलं.

"मी केलाय," वैद्य म्हणाले. ते पुढे आले, आणि जावयाच्या पायांशी वाकून पाहू लागले. वर उठले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं. "बरोबर आहे. डावीकडचा मागचा पाय. कालपेक्षा कमी हलतोय, पण हलतोय." मग व्याह्यांकडे वळून ते म्हणाले, "इतकी वर्षं पाट करतोय, पण न विचारता खरं सांगणारा पहिला माणूस आज भेटला. पोर चांगल्या घरी पडली."

त्यांनी मागे हात केला. बायको तिथंच उभी होती आणि तिच्या मुठीत सवयीनं खापरी होतीच. तिनं ती त्यांच्या हातावर ठेवली. सगळ्या गावासमोर वैद्यांनी आपल्या हातानं ती पाटाखाली सरकवली. अंतरपाटाआड लेक हसत होती आणि रडतही होती.

पुढे वैद्यांनी गावातला एकेक पाट मागून नेला, सुताराच्या कातळावर घासला आणि ठाम करून परत दिला. नवा पाट कुणाला दिला की आधी स्वतःच विचारत, हलतो का? हलत असेल तर लोक हलतो म्हणत, आणि वैद्य आनंदानं पाट काखेत मारून परत नेत. हळूहळू त्यांचा हात इतका बसला की नदीपलीकडून माणसं पाट मागायला येऊ लागली.

एक पाट मात्र तसाच राहिला. पहिला. तो बायकोनं दुरुस्तीला दिला नाही. वैद्य रोज त्याच्यावरच जेवायला बसत, आणि बसण्याआधी खापरी स्वतःच ठेवत.

तात्पर्य : आपल्या माणसाची उणीव त्याच्यापासून झाकू नये, मायेनं सांगावी, आणि सांगून झाल्यावर टेकू द्यायला आपणही वाकावं.